नावं घेणारी माणसं

आम्ही परधान. आमच्या घरात मराठी बोलतात आणि देवापुढे गोंडी गातात. किनवट, उटनूर, राजुरा या पट्ट्यातल्या बहुतेक परधानांचं असंच आहे. गोंडांचं कोणतं कूळ कुठून निघालं, कोणत्या नदीपाशी थांबलं, कोण कोणाचा भाऊ आणि कोणाची कोणाशी सोयरीक होत नाही, हे सगळं ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तोंडी सांभाळलं, त्यांची घरची भाषा मराठी आहे. बाहेरच्या माणसाला याचं नवल वाटतं. आम्हा लेकरांना कधी वाटलं नाही. आजा बैलांना मराठीत हाकारायचा, आमच्यावर मराठीत रागवायचा, आणि किक्री हातात घेतली की त्याच्या तोंडून गोंडी वाहू लागायची.

किक्री म्हणजे तीन तारांचं वाद्य. लाकूड कोरून, वर कातडं ताणून केलेलं, घोड्याच्या केसांच्या गजाने वाजवायचं. ती वाजवायला मुलींना शिकवत नसत, ऐकायला मात्र कोणी अडवलं नाही. आजाची यजमान घरं पलीकडे उटनूरच्या डोंगरात होती. पेरसापेन हा कुळाचा थोरला देव. त्याची पूजा एकदा पुसात, म्हणजे पौषात, आणि एकदा उन्हाळ्यात होते, आणि तेव्हा परधान लागतोच. लग्नात लागतो, मयतीनंतरच्या विधीत लागतो. आमच्या भागातल्या गोंडांत चार सगे, म्हणजे कुळांचे गट, आहेत: सात भावांचे येरवेन, सहा भावांचे सर्वेन, पाच भावांचे सिवेन आणि चार भावांचे नालवेन. प्रत्येक सग्याची गोष्ट वेगळी, देव वेगळे. त्या गोष्टी आजाला पाठ होत्या असं म्हणणं कमीच पडेल. यजमानाच्या घरातल्या पोराला आपल्या खापरपणजाचं नाव ठाऊक नसायचं, आजाला ठाऊक असायचं.

मी पुढे मानसिक आरोग्याच्या कामात शिरले. गावोगाव हिंडायचं, झोप न येणाऱ्या, जेवण तुटलेल्या, दारूत बुडालेल्या, कोणाशी न बोलणाऱ्या माणसांपर्यंत पोहोचायचं आणि त्यांना दवाखान्यापर्यंत आणायचं, असं ते काम. ते करताना आजाच्या किक्रीकडे मी नव्याने पाहू लागले.

गोंडांमध्ये माणूस मेला म्हणजे त्याचं सगळं संपलं असं नसतं. त्याला त्याच्या पूर्वजांत, कुळाच्या देवात नेऊन मिसळायचं असतं. ते होईपर्यंत तो मधल्या वाटेवरच असतो, आणि त्याच्या घरचेही. त्या विधीला परधान येतो. किक्री लावतो, कुळाची गोष्ट मुळापासून सुरू करतो, पूर्वजांची नावं घेत खाली येतो आणि शेवटी नुकत्याच गेलेल्याचं नाव त्या ओळीत बसवतो. मेलेल्याचे कपडे, कधी दागिना, कधी जनावर परधानाला मिळतं. लहानपणी मी आजाला विचारलं होतं, एवढा वेळ का गायचं? मेलेल्याला ऐकू येतं का? आजा म्हणाला होता, "मेलेला तर गेला, बाई. मागं राहिलेल्यायचं काय? त्यायला कोनी सांगावं का नाही, तुमचा मानूस कुठं पोचला ते?"

शोकात असलेल्या घरासाठी याहून मोठा आधार मी पुढे कुठल्या पुस्तकात वाचला नाही. सगळे नातलग एका ठिकाणी येतात. गेलेल्याबद्दल मोठ्याने बोललं जातं. रडायला जागा आणि वेळ मिळतो. आणि रात्र सरता सरता घरच्यांना कळतं की आपला माणूस एकटा पडलेला नाही, त्याच्या आधी गेलेल्यांच्या रांगेत तो उभा आहे. हे सगळं एका भाषेच्या आधाराने चालतं. ती भाषा घरातल्या तरुणांना कळेनाशी झाली की विधी उरतो, आधार निसटतो. हे निसटणं कसं झालं, हे मला समजून घ्यायचं होतं, म्हणून मी म्हाताऱ्या माणसांपाशी बसू लागले. त्यांच्या बोलण्यातून जो इतिहास उभा राहिला, तो मला शाळेत कोणी सांगितला नव्हता.

आजाच्या जन्माचा कागद नाही. "भीम मारला गेला तवा मी गुरं राखत होतो," एवढीच त्याची खूण. भीम म्हणजे गोंडांचा पुढारी कोमराम भीम. जोडेघाटच्या डोंगरात निजामाच्या पोलिसांनी १९४० मध्ये त्याला आणि त्याच्या साथीदारांना गोळ्या घातल्या. म्हातारी माणसं त्याची गोष्ट अशी सांगतात. जमिनीच्या भांडणात हातून खून झाला आणि भीम पळाला. चांद्याकडे एका छापखान्यात तो राहिला, तिथल्या मालकाने त्याला लिहायला-वाचायला शिकवलं, तिथून तो आसामच्या चहाच्या मळ्यात गेला. परतला तेव्हा अर्ज लिहिता येत होता, कायदा कळत होता. जोडेघाटच्या आसपासची बारा गावं आमची आम्हाला चालवू द्या, ही त्याची मागणी होती. जंगलात गुरं चारायला, झाड तोडायला, जमीन कसायला आम्हाला कोणी अडवू नये, एवढंच त्याला हवं होतं. आजही दर वर्षी आश्विन पौर्णिमेला, म्हणजे आपल्या कोजागिरीला, जोडेघाटला त्याची आठवण केली जाते. तिथीने होते, तारखेने नाही, कारण ज्यांनी ती जपली त्यांचं वर्ष चंद्रावर चालतं.

भीमाच्या मृत्यूनंतर निजामाच्या सरकारला प्रश्न पडला की ही माणसं उठली का. ते शोधायला एक माणूस पाठवला गेला. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हा मूळचा ऑस्ट्रियाचा मानववंशशास्त्रज्ञ. महायुद्ध सुरू होतं, त्याचा पासपोर्ट जर्मन होता, त्यामुळे त्याला हैदराबाद संस्थान सोडून जाता येत नव्हतं. तो आणि त्याची बायको बेटी मार्लवाईला येऊन राहिले. मार्लवाई हे उटनूरच्या डोंगरातलं गोंडांचं गाव. आजा सांगायचा की साहेबाच्या घरापुढे परधान येऊन बसत, रात्र रात्र गात, आणि साहेब लिहून घेई. १९४८ मध्ये त्याचा राजगोंडांवरचा मोठा ग्रंथ निघाला. त्यातल्या देवांच्या आणि कुळांच्या कथा परधानांच्या तोंडच्या आहेत.

त्याच्याही आधी असं झालं होतं. नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांच्या आदिगुरूची, लिंगोची, गोष्ट एका परधानाकडून उतरवून घेतली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी ते कागद छापले. दोन्ही वेळी सांगणारा परधान होता, पुस्तकावर नाव दुसऱ्याचं आलं आणि पुस्तक गावात परत आलं नाही. हायमेनडॉर्फने मात्र पुस्तकापलीकडे काही केलं, म्हणून म्हातारी माणसं त्याला विसरलेली नाहीत. जमिनीचे पट्टे मिळावेत म्हणून त्याने सरकारशी भांडण केलं आणि हजारो कुटुंबांच्या नावावर जमीन झाली. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत सरकारी अधिकाऱ्यांनी येऊन लोकांचं गाऱ्हाणं ऐकावं, असा दरबार त्याच काळात सुरू झाला. मेसराम कुळाची ती जत्रा पुसाच्या अमावास्येला भरते, आणि तो दरबार अजूनही भरतो. बेटी १९८७ मध्ये हैदराबादला वारली तेव्हा तिला मार्लवाईत आणून पुरलं. पुढे तोही तिच्याशेजारी आला.

आणि हायमेनडॉर्फच्या कामातली तिसरी गोष्ट शाळेची. १९४३ मध्ये मार्लवाईत गोंड तरुणांना शिक्षक करण्याचं केंद्र निघालं. गोंडी भाषेत वाचनमाला तयार झाल्या, देवनागरी लिपीत. आमच्या भागातल्या गोंडांना बाजाराची आणि दरबाराची मराठी येत होती, म्हणून तीच लिपी सोयीची ठरली. सेतुमाधवराव पगडी हे निलंग्याचे. आपण मराठी माणसं त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो. ते हैदराबादच्या सनदी नोकरीत असताना आदिलाबाद भागात आले, गोंडी आणि कोलामी शिकले आणि त्यांची व्याकरणं लिहिली. अधिकारी माणूस खाली बसून आपली भाषा शिकतो, हे त्या काळच्या गोंडांसाठी किती मोठं होतं, ते आजाच्या आवाजावरून कळायचं. "पगडीसाहेब गोंडी बोलायचे," हे वाक्य तो नेहमी एका विशिष्ट ताठपणाने उच्चारायचा.

त्या शाळेत शिकलेल्या एका म्हाताऱ्याला मी भेटले. तो आता नाही. त्याने सांगितलेली एकच गोष्ट इथं लिहिते. पहिलं पुस्तक हातात मिळालं त्या दिवशी त्याने घरी येऊन बापापुढे मोठ्याने धडा वाचला. बापाला अक्षर येत नव्हतं, पण धडा कळला. तो म्हणाला, "बाप हसू लागला. मला वाटलं चुकलं काही. बाप म्हणे, कागद आपल्यासारखा बोलते की रे." पुस्तकातलं ज्ञान आणि बापाचं ज्ञान एकाच भाषेत असलं की मुलाला दोघांपैकी एकाची निवड करावी लागत नाही. मुलाच्या मनाला यातून मिळणारी ताकद मी आज दुसऱ्या बाजूने, तिच्या अभावातून, रोज पाहते.

हे फार काळ टिकलं नाही. १९४८ मध्ये निजामाचं राज्य गेलं. १९५६ मध्ये भाषेवर राज्यं पडली. आदिलाबाद आंध्रात गेलं. किनवट आणि राजुरा तुटून मराठी बाजूला, मुंबई राज्यात आले. किनवट नांदेडला जोडलं गेलं, राजुरा पुढे चांद्याला. तेलुगू माणसाला तेलुगूचं राज्य मिळालं, मराठी माणसाला पुढे मराठीचं. ते हवंच होतं, आणि त्यासाठी आपल्या माणसांनी रक्त सांडलं. पण त्या दोन्ही रेघांच्या मध्ये राहणाऱ्या गोंडीला कोणाचंच राज्य मिळालं नाही. पलीकडच्या शाळा तेलुगू झाल्या, अलीकडच्या मराठी, उत्तरेकडच्या हिंदी. गोंडी वाचनमाला बाजूला पडल्या. आजाची यजमान घरं एका राज्यात आणि त्याचं घर दुसऱ्या राज्यात असं झालं. तो सीमा ओलांडून जात राहिला. यजमानांच्या नातवंडांना मात्र हळूहळू त्याच्या गाण्याचा अर्थ लागेनासा झाला.

आमच्या भागातली कितीतरी मुलं सहाव्या वर्षी आश्रमशाळेत जातात. मीही गेले. माझ्या घरची भाषा मराठी, त्यामुळे मला वर्ग कळायचा. माझ्या शेजारी झोपणाऱ्या गोंड मुलीला कळायचा नाही. ती हुशार होती. कोणतं झाड कधी फुलतं, कोणत्या पक्ष्याचं घरटं कुठं असतं, सगळं तिला यायचं. वर्गात तिला काहीच येत नाही असं ठरलं, कारण जे येत होतं ते विचारलं जात नव्हतं. रात्री तिच्या तोंडून गोंडी निघाली की मोठ्या मुली हसायच्या. पहिल्या दिवाळीनंतर ती फारशी बोलेनाशी झाली. कोणत्याच भाषेत. घरच्यांनी म्हटलं, शाळेत गेली आणि शहाणी झाली. मी आज त्या गप्प होण्याला शहाणपण म्हणत नाही.

एकाच वेळी एका माणसाचं नव्हे, तर सगळ्या मुलुखाचं मन दुखावलं जातं असेही दिवस आले. २० एप्रिल १९८१, सोमवार. आदिलाबादमधल्या इंद्रवेल्लीचा बाजार. जमिनीच्या प्रश्नावर गोंड सभेसाठी जमत होते. पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा तेरा मृतांचा. गावोगावच्या म्हाताऱ्यांच्या आठवणीतला आकडा त्याहून पुष्कळ मोठा आहे. मृतांसाठी तिथं स्तूप उभारला गेला, तो उद्ध्वस्त झाला, परत बांधला गेला. पुढे कित्येक वर्षं २० एप्रिलला तिथं जमायला बंदी असायची. माझ्या कामाच्या दृष्टीने याचा अर्थ फार गंभीर आहे. ज्या समाजात मेलेल्याचं नाव घेऊन त्याला पूर्वजांत पोहोचवल्याशिवाय शोक पुरा होत नाही, त्या समाजाला नावं घ्यायची मनाई झाली. आजा त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी यजमानांच्या घरी जाऊन गायला. कोणासाठी गायला, ते त्याने आम्हाला सांगितलं नाही. आजी एवढंच म्हणाली की परत आला तेव्हा त्याचा आवाज बसला होता.

आजाची एक गोष्ट आहे, लिंगोची. तिची रूपं बरीच आहेत, मी आजाचं सांगते. गोंडांचे मूळपुरुष लेकरं होती तेव्हा त्यांना एका गुहेत कोंडलं गेलं. दारावर मोठी शिळा. देवी जंगुबाई त्यांच्यासाठी तळमळत फिरली, पण शिळा हलेना. मग लिंगो आला आणि त्याच्यासोबत पहिला परधान किक्री घेऊन आला. बाहेर किक्री वाजली, आत लेकरांनी ती ऐकली, त्यांच्या अंगात बळ आलं, आतून त्यांनी जोर लावला, बाहेरून लिंगोने लावला आणि शिळा सरकली. जंगुबाईची जत्रा अजूनही पुसात भरते, डोंगरातल्या गुहेपाशी, महाराष्ट्र आणि तेलंगणाच्या सीमेवर, आणि दोन्हीकडची माणसं तिथं येतात. गोष्टीतली एक बाब आजा ठासून सांगायचा: लेकरांना कोणी ओढून बाहेर काढलं नाही. जोर आतूनही लागला.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या काही गावांत एक काम सुरू झालं. आशाताई, एक-दोन शिक्षक, गावचे पटेल, परधान, म्हाताऱ्या बायका आणि माझ्यासारखी दवाखान्याच्या बाजूची माणसं एकत्र बसू लागली. विषय होता गावातल्या माणसांच्या मनाचं दुखणं. पहिल्या बैठकीत मी छापील प्रश्नावली काढली, तेव्हा एक आजीबाई उठून म्हणाल्या, "तुम्ही लोक इचारता अन् कागद घेऊन जाता. कागदाचं पुढं काय होते?" त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं म्हणून बाकी सगळं थांबलं. काय विचारायचं हे गावाने ठरवावं, असं ठरलं. गावाने ठरवलेला पहिला प्रश्न माझ्या कुठल्याच प्रश्नावलीत नव्हता: आपल्या गावात कोण कोण कोणाशी बोलत नाही, आणि कधीपासून?

मग नियम ठरले. ध्वनिमुद्रण झालं तर त्याची प्रत गावात राहील. देवाची काही गाणी त्यांच्या महिन्याशिवाय गायली जात नाहीत, ती त्या महिन्याशिवाय ऐकवलीही जाणार नाहीत. घरातलं दुःख सांगणाऱ्याचं नाव कुठेही लिहिलं जाणार नाही. सांगणाऱ्याला त्याच्या वेळेचे पैसे मिळतील, कारण परधान कधीच फुकट गायला नाही, त्याला मान होता आणि बिदागी होती. मुलं म्हाताऱ्यांना विचारतील आणि लिहितील, देवनागरीत, त्यांना येईल तसं. लिहिलेलं परत वाचून दाखवलं जाईल आणि म्हातारी माणसं दुरुस्त करतील.

यातून काय घडलं, ते मी मोठं करून सांगणार नाही. एका घरी तरुण मुलाने कापसावरचं औषध पिऊन जीव दिला होता. त्या मृत्यूची लाज वाटून घरच्यांनी विधी नीट केलाच नव्हता. आई दोन पावसाळे घराबाहेर पडली नव्हती. बैठकीतल्या म्हाताऱ्यांनी आपसात बोलून ठरवलं की असा गेलेलाही आपलाच आहे, त्यालाही रांगेत घ्यायचं. पलीकडून एक वयस्क परधान आला. मुलाच्या बरोबरीच्या पोरांनी आधी महिनाभर त्या गाण्याचा अर्थ बसून समजून घेतला होता, त्यामुळे त्या रात्री ती पोरं पळाली नाहीत, आईजवळ बसून राहिली. त्यानंतर ती आई बोलू लागली. जिल्ह्याच्या दवाखान्यात तिला नेलं, गोळ्याही सुरू झाल्या, आणि त्या लागणारच होत्या. पण दवाखान्यात जायला ती तयार झाली ती आधी गावाने तिचं ऐकलं म्हणून. गोळी आणि गाणं यांच्यात भांडण लावणाऱ्या माणसांनी अशा घरात एकदा बसून पाहावं. वेड लागलेल्या माणसाला औषध न देता नुसतं देवासमोर बसवून ठेवणं मला मान्य नाही, आणि आमच्या बैठकीतल्या भक्तालांनाही, म्हणजे गावच्या भगतांनाही, ते मान्य नाही. ते स्वतः माणसं दवाखान्यात पाठवतात.

जगात दुसरीकडे काही लोकांनी हेच मोजून पाहिलं आहे. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या आदिवासी समूहांत तरुणांच्या आत्महत्या फार, असं सगळे म्हणत. मायकेल चँडलर आणि ख्रिस्तोफर लालोंद यांनी समूहानुसार आकडे वेगळे काढले, तेव्हा दिसलं की काही समूहांत त्या भयंकर आहेत आणि काही समूहांत अजिबात नाहीत. १९९८ च्या त्यांच्या लेखात फरक समोर आला: ज्या समूहांनी आपली जमीन, शाळा, दवाखाना, स्वशासन, संस्कृतीच्या जागा आपल्या हातात ठेवल्या किंवा त्यासाठी झगडले, तिथं तरुण टिकले. २००७ मध्ये डार्सी हॅलेट यांच्यासोबत त्यांनी भाषेचाही हिशेब मांडला. ज्या थोड्या समूहांत निम्म्याहून जास्त माणसांना आपली भाषा बोलता येत होती, तिथं तरुणांच्या आत्महत्या जवळजवळ शून्यावर होत्या. भाषा शिकवली की आत्महत्या थांबते इतकं सरळ ते नाही, आणि त्या अभ्यासकांनीही तसा दावा केलेला नाही. भाषा जिथं टिकते तिथं म्हाताऱ्यांचं ऐकलं जातं, गावाचा निर्णय गावात होतो आणि मुलाला आपण कोणाचे ते ठाऊक असतं. या गोष्टी एकमेकींना धरून राहतात. हे मला आजाच्या कामातून आधीच कळलं होतं. आकड्यांनी त्याला साक्ष दिली.

आपल्याकडेही हे कागदावर आलेलं आहे. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या आदिवासी आरोग्याच्या तज्ज्ञ समितीने २०१८ मध्ये अहवाल दिला. आदिवासींच्या आरोग्याच्या दहा खास प्रश्नांत व्यसन आणि मानसिक आरोग्य आहे, आणि आश्रमशाळेतल्या मुलांचं आरोग्यही आहे. ही दोन कलमं वाचताना मला माझ्या शेजारी झोपणारी ती मुलगी आठवते. ती दोन कलमं एकच आहेत असं मला वाटतं.

गोंडीला उभं करण्याचं काम तिच्या माणसांनी हातात घेतलेलंच आहे. मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी बालाघाटकडे १९१८ मध्ये गोंडीसाठी लिपी तयार केली. नागपूरच्या मोतीरावण कंगाली यांनी नोकरी सांभाळून आयुष्यभर गोंडी भाषा, लिपी आणि धर्म यांवर लिहिलं. आदिलाबादच्या गुंजाला गावात जुनी हस्तलिखितं मिळाली, वेगळ्याच लिपीतली. ती वाचू शकणारी मोजकी म्हातारी माणसं गावात होती. त्यांनी तरुणांना शिकवलं, पुस्तकं निघाली, आणि २०१८ मध्ये ती लिपी युनिकोडमध्ये गेली. मसराम लिपी त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. वेगवेगळ्या राज्यांतल्या गोंडी बोलणाऱ्यांनी एकत्र बसून, एकेका शब्दासाठी वाद घालून, एक सामाईक शब्दकोश तयार केला. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा स्वतः सुरू केली. तिच्या मान्यतेचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला, तरी गावाने हट्ट सोडला नाही. मार्लवाईच्या कनक राजू यांना गोंडांचा गुसाडी नाच जपल्याबद्दल २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे तीस लाखांच्या आसपास होते, तरी गोंडी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही.

या सगळ्यात मराठी माणसाचं काम काय? आमच्या मराठीने गोंडीला जागा दिली तर मराठीचं काही कमी होत नाही. आमची घरंच त्याचा पुरावा आहेत. शेकडो वर्षं मराठी बोलणाऱ्या परधानांनी गोंडी जपली, आणि पगडींसारख्या मराठी माणसाने तिचं व्याकरण लिहिलं. हा वारसा आपला आहे आणि तो पुढे चालवायचा तर दोन गोष्टी आजच करता येतील. गोंडांच्या गावात अभ्यासाला जाणाऱ्याने गावाला विचारून प्रश्न ठरवावेत, जे सापडेल ते आधी गावाला वाचून दाखवावं आणि सांगणाऱ्याचं नाव, त्याची इच्छा असेल तर, स्वतःच्या नावाच्या बरोबरीने छापावं. आणि किनवटपासून भामरागडपर्यंतच्या प्रत्येक आश्रमशाळेत आठवड्यातले काही तास गावातल्या म्हाताऱ्या माणसांना द्यावेत, रीतसर मानधन देऊन, शिक्षक म्हणून. त्यांनी गोंडीत, माडियात, कोलामीत गोष्टी सांगाव्यात, मुलांनी प्रश्न विचारावेत. ज्या मुलाला त्याच्या कुळाची नावं त्याच्याच शाळेत, त्याच्याच भाषेत ऐकायला मिळतात, ते मूल पहिल्या दिवाळीनंतर गप्प होणार नाही, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. म्हातारी माणसं अजून आहेत, आणि ती यायला तयार आहेत. आम्ही त्यांना विचारलं आहे.